पाड्याच्या पाण्याची जकात

तारीख: एप्रिल १९८७ मधला एक शुक्रवार, दुपारी चार. रक्कम: रुपये चाळीस हजार. हजर: तुम्ही, म्हणजे आमचे आमदार, चाचा, ज्यांच्या लूमच्या कारखान्यासमोरच्या अंगणात आपण बसलो होतो, डोंगराच्या अंगाच्या पाड्यावरून चालत आलेल्या जानकीबाय, शे-सव्वाशे माणसं, आणि मागच्या रांगेत मी.

भाऊ, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. तुमच्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी येतं आणि तुमच्याबद्दल मोठं काहीतरी बोलून जातं. मला तसं बोलता येत नाही. मी आकडे घालून बोलणारा माणूस. आपली ओळखही त्या सवयीमुळेच झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अर्थसंकल्पाचं अधिवेशन आटोपलं की तुम्ही ही सभा घ्यायचात. सरकारने आपल्याकडून काय घेतलं, काय दिलं आणि त्यातलं आपल्या तालुक्याच्या वाट्याला किती आलं, एवढाच विषय. हार नाही, शाल नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. वार शुक्रवार, कारण भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. एरवी त्या अंगणात शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर बरीच माणसं एकमेकांच्या अंगणात जायला कचरत होती. तुम्ही चाचांचं अंगण मुद्दाम निवडलं होतं. तुम्ही तसं कधी बोलला नाहीत, पण न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी त्या दिवशी पहिल्यांदाच आलो होतो, आणि तोही भांडायला. घरपट्टी का वाढली ते विचारायचं होतं. तुम्ही टेबलावर रुपयाची चिल्लर मांडलीत. "हा सरकारचा एक रुपया," म्हणालात आणि ढीग करत गेलात. हे पगाराला, हे व्याजाला, हे धरणांना, हे शाळांना. सगळी नाणी वाटून झाल्यावर खाली वाकलात, जमिनीवरचा कापसाचा तूस चिमटीत उचललात आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरलात. "आणि हे आपल्या तालुक्याचं."

लोक हसले. मी ठाण्याला सरकारी कचेरीत लेखा शाखेत काम करतो. मी ढीग मोजत होतो. उभा राहिलो. "भाऊ, हे पंच्याण्णवच पैसे झाले. पाच पैसे कुठे गेले?"

"तेच विचारायला तर तुम्ही मला मुंबईला पाठवता," तुम्ही म्हणालात. "नाव काय?"

"गायकवाड."

"गायकवाड, पुढे येऊन बसा. मागून मोजलं की कमीच भरतं."

चाचा खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "नहीं भाऊ, गिनती बराबर है. मेरे टेबल में फट है, हर साल पाँच पैसा उधर जाता है. नहीं तो मैं टेबल फुकट में क्यों देता?"

मी पुढे जाऊन बसलो. घरपट्टीचं विचारायचं राहूनच गेलं.

मग तुम्ही कागद वाचायला घेतलात. पाड्यासाठी नळयोजना, खर्च चाळीस हजार. तेव्हा जानकीबाय उठल्या. पाड्यावरून शहर ओलांडून इतक्या लांब त्या चालत आल्या होत्या ते याच कामासाठी. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचं चाळीस हजार आमच्याकडं आलंच न्हाय. वाटंत चुकलं आसंल. आमी आजून डवऱ्यावरच जातू." नदीच्या सुकलेल्या पात्रात उकरलेल्या खड्ड्याला त्या डवरा म्हणतात. त्यात पाणी झिरपून येईपर्यंत बायका वाटीवाटीने भरत बसतात.

पुन्हा हशा झाला. मला हसू आलं नाही. कारण काय झालं असेल ते मला बसल्या जागी कळलं होतं. रोजचं कामच ते. मी म्हणालो, "भाऊ, चाळीस हजार मंजूर झालेत, की खर्च झालेत?"

तुम्ही चष्मा लावून कागद परत पाहिलात. मग माइकमध्येच बोललात, "मंजूर. जानकीबाय, चूक माझी. पैसे अजून सरकारच्याच घरात आहेत. आणायचे आहेत." कुठल्याही निवडून आलेल्या माणसाने 'चूक माझी' असं माइक हातात असताना म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग घरपट्टीचं काय?

पुढच्या वर्षापासून तुम्ही प्रत्येक कामाचे तीन आकडे वाचायला लागलात: मंजूर, आले, खर्च. हळूहळू हे तीन शब्द तीन वेगळी माणसं असावीत तसे गावभर झाले. चाचांच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा ते म्हणाले, "लड़का मंजूर है, आया नहीं." तुम्ही इतके हसलात की वहिनी आतून बघायला आल्या.

मी शनिवारी तुमच्याकडे यायला लागलो. मला पाहिलं की तुम्ही आत ओरडायचात, "अहो, ऑडिट आलं, चहा टाका. साखर मोजून." अधिवेशनावरून येताना माझ्यासाठी अर्थसंकल्पाच्या भाषणाचं पुस्तक आणायचात. मी किंमत विचारली, तर म्हणालात, आम्हाला फुकट मिळतं. मी मलपृष्ठावर छापलेली किंमत शोधून काढली आणि पैसे टेबलावर ठेवले. तुम्ही ते वहिनींना दिलेत. वहिनींनी माझ्या मुलाच्या हातावर ठेवले. मी ते मुलाकडून घेऊन परत तुमच्या टेबलावर ठेवले. दोन शनिवार हे चाललं होतं. शेवटी कोणाकडे राहिले, आठवत नाही, आणि मला न आठवणारी रक्कम माझ्या आयुष्यात बहुधा ती एकच आहे.

पाड्याचे पैसे पुढच्या वर्षी आले. पाईप विकत घेतले गेले आणि दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये ठेवले गेले. मी तुमच्या मागे लागलो होतो की खर्च झाला असं नुसतं वाचून चालणार नाही, काय घेतलं ते लोकांना दिसलं पाहिजे. तुम्ही वैतागलात. "आकडा पुरत नाही ना तुम्हाला? मग पाईपच दाखवतो."

आणि दाखवलेत. दापोड्याहून पाड्यावर जाणारा ट्रक वाटेत शहरात थांबवलात आणि गुरुवारी संध्याकाळी पाईप चाचांच्या अंगणात उतरवून घेतलेत. शुक्रवारी सभेला आलेली माणसं त्या पाईपांवरच बसली. बसण्याआधी लोकांनी ते मोजले. जानकीबायनी एक पाईप शेजारच्या बाईला उचलायला लावला आणि त्याला डोळा लावला. पलीकडच्या टोकाला तुम्ही उभे होतात.

"काय दिसतंय?" तुम्ही विचारलंत.

"भाऊ दिसतंय. पानी न्हाय दिसत."

"येईल, पुढच्या शुक्रवारच्या आत खोदायला लागतील."

त्याच सभेत तुम्ही तासभर जकातीवर बोललात. गोडाऊन दापोड्याला, कशेळीला का वाढत चालली आहेत, तर शहराच्या हद्दीत माल उतरला की जकात लागते आणि तिथे लागत नाही. हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की सगळ्यांना समजलं. त्या मालावर बसलेल्या शंभर माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण बसलोय तो माल शहराच्या हद्दीत उतरलेला आहे. माझ्याही नाही.

शहरातून नुसता जाणारा माल असेल तर पहिल्या नाक्यावर पास घ्यायचा, पलीकडच्या नाक्यावर तो जमा करायचा, जकात पडत नाही. आपल्या ट्रकने पास घेतला होता. पलीकडे पोचलाच नव्हता. शनिवारी सकाळी जकात खात्याचा माणूस अंगणात आला. सभ्य होता, आणि नियमाने बरोबर होता. जकात बाराशे चाळीस, दंड सहाशे, भरेपर्यंत माल हलवायचा नाही. चाचांनी त्याला चहा दिला. त्याने तो पाईपावर बसूनच प्यायला.

दुपारी तुमच्या ओट्यावर आपलं भांडण झालं. ते भांडण आपण पुढे इतकी वर्षं चालवलं, आणि माझ्या बाजूने ते अजून चालू आहे, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

तुम्ही म्हणालात, "सोमवारी भरून टाकतो अठराशे चाळीस."

"कुठल्या खात्यातून?"

"माझ्या."

"तुमचं खातं यात येतंच कुठे? सार्वजनिक पाण्याचा माल आहे. माफीचा अर्ज करू."

"तुमचा अर्ज मंजूर होईस्तोवर पाऊस लागेल. जानकीबायची सून पोटुशी आहे, गायकवाड. दोन हंडे घेऊन डवऱ्यात उतरते. तिला अर्ज वाचून दाखवू?"

"भाऊ, तुम्ही भरलेत तर उद्या लोक म्हणतील, पाणी भाऊंनी दिलं."

"म्हणू देत की. मला काय, मतं वाढतील."

"हसण्यावारी नेऊ नका. त्यांचं हक्काचं पाणी आहे. तुमच्या खिशातून आलं की ते उपकाराचं होतं."

तेव्हा तुम्ही चिडलात. तुम्ही चिडलात की आवाज खाली जायचा. "तहानलेल्या माणसाला हक्काच्या आणि उपकाराच्या पाण्याची चव वेगळी लागते का हो?"

"लागते," मी म्हणालो. "ज्याने प्यायलंय त्याला लागते." आणि चप्पल घालून निघून आलो. चहा तसाच राहिला.

मी असं का म्हणालो ते तुम्ही नंतर कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आता सांगतो. माझी आई लहान असताना गावच्या विहिरीपासून लांब, ठरलेल्या जागी उभी राहायची. कोणीतरी येईल आणि वरून तिच्या हंड्यात ओतेल याची वाट बघत. पाणी मिळायचं. रोज मिळायचं. पण रोज कुणाचा तरी स्वभाव बघावा लागायचा. आज कोण आलंय, तिचं घरी भांडण झालंय का, तिला काय बोललेलं आवडतं. आई म्हणायची, हंडा जड नव्हता, ते जड होतं. म्हणून मला वाटायचं की पाड्यावरच्या कुठल्याही बाईला नळ सोडताना तुमचा स्वभाव आठवावा लागू नये. तुमचा स्वभाव चांगला होता हे मला माहीत होतं. तरीही.

सोमवारी मी ठाण्याला ड्युटीवर असताना तुम्ही पैसे भरलेत. ते मागच्या खोलीच्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेले होते, हे वहिनींकडून मला कितीतरी नंतर कळलं. त्या पावसाळ्यात तुमच्या त्या खोलीत बादल्या ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. मी समजलो होतो कपडे भिजवलेत.

मी यायचा बंद झालो. तुम्ही चाचांबरोबर निरोप पाठवलात, "ऑडिट बंद पडलं का?" मी उत्तर म्हणून अर्जाचा मसुदा पाठवला: रक्कम हरकत राखून भरलेली आहे, तरी ती परत मिळावी. तुम्ही एकही शब्द न बदलता सही केलीत आणि चाचांना म्हणालात, "त्याला सांगा, अर्ज केला. आता तरी चहा प्यायला ये म्हणावं, मागचा वाया गेला."

मी आलो.

पाड्यावर नळ पावसाच्या आधी सुरू झाला. नारळ तुम्ही फोडला नाहीत, जानकीबायच्या सुनेकडून फोडून घेतलात. तुमच्या नावाची पाटी घेऊन कार्यकर्ते आले होते, त्यांना तुम्ही परत पाठवलंत. "नळावर माझं नाव नको. ऑडिट येईल." मी तिथेच मागे उभा होतो, हे तुम्हाला माहीत होतं.

पण त्याचा उपयोग झाला नाही. पाड्यावर लोक त्याला भाऊचा नळच म्हणत राहिले. मी कधी गेलो की दुरुस्त करायचो, "सरकारचा नळ." जानकीबाय म्हणायच्या, "व्हय, सरकारचाच. भाऊनी सरकारला दंड भरून सोडवून आनला." त्यावर काय बोलणार? तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात आणि मी तुमच्यावर पुन्हा रागावलो.

त्यानंतर दर वर्षी सभेत सगळे आकडे संपले की तुम्ही शेवटची ओळ वाचायचात, "पाड्याच्या पाईपांची जकात, परतावा: येणे बाकी." लोक टाळ्या वाजवायचे. मला ती चेष्टा वाटायची. तुम्ही दर सहा महिन्यांनी माझ्याकडून स्मरणपत्र लिहून घेऊन स्वतः खात्यात जाऊन द्यायचात, हे मात्र चेष्टेत बसत नव्हतं. एकदा मी विचारलं, तुम्हाला पैसे परत नकोच होते ना, मग हे कशाला? तुम्ही म्हणालात, "तुमचं म्हणणं खोटं ठरू नये म्हणून." आणि लगेच, "माझं खरं आहे ते आहेच."

मग तुम्ही निवडणूक हरलात. त्या वर्षी मला वाटलं सभा होणार नाही. एप्रिलात चाचा माझ्या दारात आले, "गायकवाड साहब, भाऊ पागल हो गये क्या? टेबल माँग रहे हैं." अंगणात जेमतेम तीस माणसं होती. कोणीतरी मागून टोमणा मारला, "भाऊ, आता तुम्ही आमदार नाय, हिशोब कसला देता?"

"सरकारने तुमचे पैसे कुठे घातले ते सांगायला आमदार कशाला लागतो?" तुम्ही म्हणालात. "उलट आता बरं आहे. आधी मला माझीच बाजू घ्यावी लागायची."

ती सभा मला तुमच्या सगळ्या सभांमधली सर्वांत चांगली वाटली. आमदारकीच्या दिवसांत तुम्ही थोडं लांबण लावायचात, हे आता सांगायला हरकत नाही. तुम्ही मुंबईला जाऊन गॅलरीत बसून अर्थसंकल्प ऐकून आला होतात, पाहुण्याचा पास काढून. त्या प्रवासाचा खर्च कोणी विचारला नाही. मी विचारायला पाहिजे होता, पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही.

हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा तुम्हाला बोलताना धाप लागत होती. वहिनी म्हणाल्या, जास्त बोलू नका. तुम्ही माझ्याकडे बघून एवढंच विचारलंत, "परतावा?"

"फाईल फिरतेय."

"मंजूर?"

"अजून नाही, भाऊ."

तुम्ही हसलात. मग खोकला आला. मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि मी थांबलो तो संध्याकाळपर्यंत. आत परत बोलावणं आलं नाही.

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि खात्याचं पत्र आलं. वहिनींनी मला बोलावून घेतलं. पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाचा. त्यांना ऐकायचं होतं." मी वाचलं. सार्वजनिक पाण्यासाठीचा माल असल्यामुळे जकात माफ, भरलेली रक्कम परत. दंड मात्र परत होणार नाही, कारण माल हद्दीत उतरवला होता ही गोष्ट खरी. वाचताना माझा आवाज नीट होता. नंतर चष्मा पुसायला बाहेर ओट्यावर आलो.

ओट्यावर जानकीबाय बसल्या होत्या. सुनेला आणि नातीला घेऊन भेटायला आल्या होत्या. काय झालं विचारलं, तर मी सांगितलं की भाऊंनी भरलेले पैसे सरकारने परत केले.

त्या घाबरल्या. "परत केलं म्हंजे? पानी बंद करतील?"

"नाही हो. उलट. आता ते पाणी पुरतं तुमचं. त्यात भाऊंचा पैसा राहिला नाही. कोणाचा उपकार नाही."

माझं म्हणणं खरं ठरल्याचा तो क्षण होता, भाऊ. इतकी वर्षं मी त्याची वाट बघत होतो. जानकीबायनी नातीला जवळ ओढलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग त्यात भाऊचं काय ऱ्हायलं?"

तुम्ही असतात तर चटकन काहीतरी बोलला असतात आणि सगळे हसले असते.

दंडाविरुद्ध अपील करायचं असं मी ठरवलं होतं. मुदत आहे, कारणंही चांगली आहेत. अपील लिहायला बसलो आणि दुसऱ्या परिच्छेदाशी थांबलो. जकात पाण्यावर लागली होती, ती चुकीची होती, ती परत आली. दंड पाण्यावर लागलेलाच नव्हता. पाईप थेट पाड्यावर गेले असते तर एक पैसा पडला नसता. तुम्ही ते एक दिवस अंगणात उतरवून घेतलेत, कारण लोकांनी आपले पैसे डोळ्यांनी बघावेत, हाताने मोजावेत. दंड त्याचा आहे. तो परत मागितला तर तुमच्याकडून मी तेवढंही काढून घेईन. अपील केलं नाही. जानकीबायना हे कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही, पण सांगणार आहे.

एकूण भरले रुपये अठराशे चाळीस. पैकी जकातीचे बाराशे चाळीस परवा शुक्रवारी परत मिळाले, वहिनींच्या हाती. सही त्यांची, साक्षीदार मी. दंडाचे सहाशे, लोकांना पाईप दाखवल्याबद्दल, तुम्ही जकात खात्याला भरलेले. ते तुमच्या नावावर राहू दिले आहेत.